घड्याळ आणि गडवाट

रविवारी पहाटे आतकरवाडीच्या पायथ्याशी उभे राहिले की सिंहगडाच्या वाटेवर विजेऱ्यांची रांग चढताना दिसते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा हा गड. पायथ्यापासूनची चढण ६०० मीटरच्या आसपास. कोणी तासाभरात चढतो, कोणी त्याच्या निम्म्या वेळात. अलीकडे बहुतेकांच्या मनगटावर मिनिटे मोजणारे यंत्र असते आणि माझी तक्रार नेमकी तेथेच आहे.

मिनिटे वाचविण्यासाठी वळणे टाळून उभा उतार कापला जातो. नागमोडी वाटेने चढणाऱ्याची दमछाक कमी होते हे तर खरेच. परंतु पावसाचे पाणीही तिच्यावरून फार वेग न घेता उतरते. सरळ चढणाऱ्यांच्या पायांखाली गवत गेले, की आषाढातील सरी त्याच चरातून माती घेऊन धावतात, झाडांची मुळे उघडी पडतात आणि काही वर्षांत मूळ वाटच खचते. पाऊण तासाच्या आत गड गाठण्याच्या हट्टापायी मीही हे पाप केले आहे.

धावू नये, असे माझे म्हणणे नाही. कल्याण दरवाजाने उतरून फेरी पूर्ण करावी, कात्रजहून डोंगरधारेने सिंहगड गाठावा. त्यातील आनंद अनुभवल्यावाचून कळत नाही. मात्र डोंगरी शर्यतींच्या संयोजकांनी वळण चुकविणाऱ्यास निरपवादपणे बाद ठरवावे. पावसाळ्यात तर वेळेची नोंदच ठेवू नये.

मी स्वतः आता घड्याळ घरी ठेवून निघतो. गडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही पुढ्यात घेऊन मित्र माझी वाट पाहत बसलेले असतात. क्वचित दही संपलेलेही असते.