आंदळकर मोठे की माने?

मुलांनो, मधल्या सुट्टीत वर्गात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात, सांगा पाहू? डब्यातल्या लोणच्यावरून? छे! ‘कोण भारी?’ यावरून! सचिन भारी की विराट, अंबरनाथ भारी की बदलापूर... आणि जो जास्त मोठ्याने ओरडेल तो जिंकला, असा आपला न्याय. आज आपण हाच वाद न ओरडता, पुराव्यानिशी कसा घालायचा ते पाहू या. पेन्सिल-कागद घेऊन बसा बरं!

सुरुवात मुष्टियुद्धापासून करू, कारण तिथे प्रत्येक लढतीची नोंद होते. तारीख, गाव, प्रतिस्पर्धी, निकाल, सगळं. हेवीवेट म्हणजे सर्वात वजनदार गटातले दोन गाजलेले अमेरिकन मुष्टियोद्धे घ्या. महंमद अली : लढती ६१, विजय ५६, पराभव ५. ज्यो फ्रेझियर : लढती ३७, विजय ३२, पराभव ४, बरोबरी १. टक्केवारी काढा. अलीचे साधारण ९२ टक्के, फ्रेझियरचे साधारण ८६. संपला वाद? थांबा, एवढ्यात नाही!

पहिला प्रश्न : हरला तो कुणाकडून? फ्रेझियरचे चारही पराभव दोनच माणसांकडून झाले. दोनदा जॉर्ज फोरमन (१९७३ आणि १९७६), दोनदा स्वतः अली (१९७४ आणि १९७५). दोघेही ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते. या दोघांखेरीज व्यावसायिक रिंगणात फ्रेझियरला कुणीही हरवलं नाही! आणि १९७१ साली अलीला पहिला पराभव कुणी दाखवला? फ्रेझियरनेच.

दुसरा प्रश्न : हरला तो केव्हा? अलीच्या पाच पराभवांपैकी शेवटचे दोन १९८० आणि १९८१ मधले. तेव्हा त्याचं वय होतं ३८ आणि ३९. हे दोन बाजूला ठेवले, तर उरतात तीनच.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : कोष्टकात रिकामी जागा कुठे आहे? १९६७ साली अलीने व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं, खेळायची परवानगीही गेली. वयाच्या २५ व्या वर्षापासून २८ व्या वर्षापर्यंत, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं, एकही लढत नाही. कोष्टकात तिथे शून्य दिसतं. पण ते शून्य आळसाचं नाही, बरं का!

आता चला आपल्या महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यात. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, जन्म १९३५ चा. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने, जन्म १९३७ चा. दोघेही वजनदार गटातले मल्ल, दोघेही लाल मातीत घडलेले, दोघेही ‘हिंदकेसरी’. आंदळकर १९६० साली, माने १९६४ साली.

आता १९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा बघा. तिथे कुस्ती गादीवर होती आणि दोन प्रकारची होती. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात. ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली हात लावायला बंदी! निकाल लिहून घ्या.

माने : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य.

आंदळकर : ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य.

आहे की नाही गंमत! आरशात बघावं तसं. एक सुवर्ण, एक रौप्य, एक सुवर्ण, एक रौप्य. तराजू अगदी सरळ. मग एकमेकांशी लढून निकाल लावायचा ना? तेही तिथे शक्य नव्हतं. माने ९७ किलोपर्यंतच्या गटात होते, तर आंदळकर ९७ किलोच्या वरच्या गटात. म्हणून तर देशाला दोघांचीही सुवर्णपदकं मिळाली.

पुढे जाऊ. १९६४ साली आंदळकर टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले. (याच ऑलिंपिकमध्ये फ्रेझियरने मुष्टियुद्धाचं सुवर्णपदक जिंकलं!) माने १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वरच्या वजनगटात उतरले आणि रौप्यपदक घेऊन आले. म्हणजे जकार्तानंतर आठ वर्षांनीही गडी गादीवर टिकून होता. आंदळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मानेंना २००५ साली ध्यानचंद पुरस्कार.

आता सांगा, ऑलिंपिकमध्ये उतरणं मोठं की राष्ट्रकुलातलं रौप्य मोठं? आंबे आणि चिंचा यांची बेरीज करून उत्तर काय लिहिणार? पण हिशेब केला तो वाया गेला नाही. आपल्याला एक जण उंच आणि एक जण बुटका असं काही सापडलं नाही, तरी दोन माणसं नीट कळली.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. वरचे ९२ आणि ८६ हे आकडे ओळखीचे वाटले का? प्रगतिपुस्तकात असेच असतात! वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “बाई, दादापेक्षा माझे टक्के कमी आहेत. म्हणजे मी कमी आहे का?” प्रश्न विचारताना ती पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती. तिला कुणी मारलं नव्हतं, ओरडलंही नव्हतं. फक्त दोन प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवली होती. त्या वर्षी ती तापाने महिनाभर घरी होती, ही रिकामी जागा मात्र कुणी वाचली नव्हती. दोन मल्लांचं कोष्टक वाचताना आपण तीन-तीन प्रश्न विचारतो. लेकरांच्या वेळी निदान एक तरी विचारू या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. मुष्टियुद्धाची प्रत्येक लढत कागदावर असते. आपल्या जत्रेतल्या फडात हलगी असते, पंच असतात, फेटे उडतात. पण दर कुस्ती लिहून ठेवणारा कारकून नसतो. ती माणसांच्या आठवणीतच राहते आणि माणसाबरोबर जाते. आपल्या भागात तर घाटावरून कारखान्यांतल्या नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या आजोबांना विचारा, “तुम्ही आंदळकरांची, मानेंची कुस्ती पाहिलीत का?” उल्हासनगरच्या सिंधी आजोबांना ‘मलाखडा’ म्हणजे काय ते विचारा. त्यात मल्ल एकमेकांच्या कंबरेला बांधलेलं कापड धरून झुंजतात!

वहीत पाच रकाने आखा : साल, गाव, कोण कोणाशी, डाव कोणता, निकाल काय. आजोबांना साल आठवलं नाही तर तो रकाना तसाच ठेवा, मनाने काही भरू नका. आणि रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवून विचारा, “आजोबा, मधे काय झालं होतं?” खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सुरू होते.