घरातला फोन, घरातले इंटरनेट

आपल्या वाचकांत असे घर क्वचितच सापडेल, ज्यातले कोणीच बाहेर नाही. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचे जावई कतारला, कुणाची मुलगी पुण्यात शिकायला. घर एका गावात आणि घरची माणसे चार गावांत, अशी आपली राहणी झाली आहे. त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा धागा म्हणजे फोन, आणि आता इंटरनेट. हा धागा आपण रोज वापरतो, त्याचे दर महिन्याला पैसे भरतो. पण तो कसा चालतो, हे घरात फारसे कुणी सांगत नाही. मग दारात इंटरनेटवाला येतो, “शंभर एमबीपीएस, फोन फुकट, जुनी लाइन काढून टाका” असे म्हणतो, आणि आपण सही करून मोकळे होतो. ती सही करण्याआधी काय समजून घ्यावे, ते या महिन्यात साध्या शब्दांत मांडत आहोत.

आधी जुन्या फोनपासून सुरुवात करू. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ घरातल्या फोनची मूळ रचना बदलली नाही. घरातून तांब्याच्या दोन तारा निघतात, खांबावरून किंवा जमिनीखालून जातात आणि थेट टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पोहोचतात. ही जोडी फक्त आपल्या घराची, शेजाऱ्याची वेगळी. एक्स्चेंजचे काम एवढेच, की आपली जोडी आणि ज्याच्याशी बोलायचे त्याची जोडी बोलणे संपेपर्यंत एकमेकींना जोडून ठेवायची. पूर्वी हे काम बोर्डासमोर बसलेले ऑपरेटर हाताने करत, नंतर यंत्रे करू लागली.

या रचनेचा एक गुण आपण फार उशिरा ओळखला. फोनला लागणारी वीज आपल्या मीटरवरून येत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून सुमारे ४८ व्होल्टची वीज त्याच तारेतून घरापर्यंत येई. म्हणून लाइट गेली, पाऊस कोसळत असला, तरी तार शाबूत असेपर्यंत साधा फोन चालू राही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

या पद्धतीचा दोष म्हणजे खर्च. इथून मुंबईला बोलायचे तर इथपासून तिथपर्यंतची एक संपूर्ण वाट आपल्यासाठी राखून ठेवावी लागे. आपण बोललो काय आणि गप्प राहिलो काय, वाट अडलेलीच. ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट पाहिलेल्या बुजुर्गांना आठवत असेल, की सलाम-दुआ आणि खैरियत विचारेपर्यंतच तीन मिनिटे संपत. ऑपरेटरशिवाय थेट दुसऱ्या शहराचा नंबर फिरवण्याची सोय, म्हणजे एसटीडी, आपल्या देशात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात प्रथम सुरू झाली. आखातात गेलेल्यांशी बोलणे तर इतके महाग होते, की कित्येक घरांत पत्रांबरोबर आवाज भरलेल्या कॅसेटी ये-जा करत.

मग आवाजाचे आकडे झाले आणि चित्र पालटले. माणसाचा आवाज म्हणजे हवेतली लहर. तिची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजायची, प्रत्येक मोजमाप शून्य आणि एक या आठ चिन्हांत लिहायचे. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे ६४,००० अंक होतात. या अंकांनाच ‘बिट’ म्हणतात. अंक झाले की कितीतरी बोलणी एकाच तारेतून पाठवता येतात. दोन एमबीपीएसच्या एका जोडणीत तीस बोलणी एका वेळी बसतात. बचतीसाठी आवाजाचा फक्त ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचा भाग पाठवला जाई, त्याहून बारीक आवाज गाळला जाई. म्हणूनच जुन्या फोनवर ‘स’ म्हटले की ‘फ’ ऐकू येई आणि नाव दोनदा सांगावे लागे.

आवाजाचे अंक होतात, तसेच पत्राचे, फोटोचे, पुस्तकाचे, चित्रफितीचेही होतात. तारेला त्यातला फरक कळत नाही. मात्र इंटरनेट हे अंक वेगळ्या रीतीने नेते. निकाहला पाहुणे न्यायचे दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण एसटी बस ठरवायची. ती अर्धी रिकामी असली तरी भाडे पूर्ण. जुना फोन असा होता. दुसरा, प्रत्येकाच्या हाती पत्ता द्यायचा आणि मिळेल त्या गाडीने या म्हणायचे. कुणी आधी पोहोचेल, कुणी नंतर, एखादा वाटेत चुकेल. पण रस्ता कुणासाठी अडून राहणार नाही. इंटरनेट असे आहे. माहितीचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता लिहितात आणि सोडून देतात. या तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. पलीकडचे यंत्र ते क्रमाने लावून घेते.

फोटो किंवा पुस्तक येताना एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवता येते, आपल्याला कळतही नाही. आवाजाचे तसे नाही. इंटरनेटवरून बोलताना साधारण सेकंदाला पन्नास पॅकेटे जातात. त्यातले एखादे उशिरा आले तर त्याचा उपयोग नाही, कारण बोलणे पुढे गेलेले असते. म्हणून “हॅलो, आवाज तुटतोय” असे म्हणावे लागते. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचायला दीडशे मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या सातव्या भागापेक्षा जास्त वेळ लागू लागला, की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. अम्मीला वाटते मुलगा तुटक बोलतो, मुलाला वाटते अम्मी ऐकतच नाहीत. दोष दोघांचा नसतो, पॅकेटांचा असतो.

पुष्कळांचा समज असा, की आखात लांब आहे म्हणून आवाज तुटतो. तसे नाही. आपले बोलणे तिकडे उपग्रहातून नव्हे, तर समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली उतरतात आणि त्यातल्या काही थेट आखाताशी जोडलेल्या आहेत. केबलच्या आत केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तारा असतात आणि त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. मुंबई ते दुबई हे अंतर तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पार करतो. खोळंबा होतो तो बहुधा दोन टोकांना: आपल्या घरात, गल्लीत, किंवा तिकडच्या खोलीत, जिथे आठ-दहा जण मिळून एक जोडणी वापरतात. मात्र केबल तुटली तर गोष्ट वेगळी. जानेवारी २००८ च्या शेवटी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारतातले आणि आखातातले इंटरनेट कित्येक दिवस रखडले होते. शिवाय काही देशांनी इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध घातलेले आहेत. सौदी अरेबियाने ते २०१७ मध्ये उठवले. तिकडे जाणाऱ्याने तिथे काय चालते ते आधी विचारून घ्यावे, म्हणजे पहिल्या रात्री घरचे घाबरणार नाहीत.

आता घरापर्यंत इंटरनेट येते कसे ते पाहू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. तेव्हा मोडेम फोनच्या तारेवरून आवाज काढत नंबर लावी. वेग फार तर ५६ केबीपीएस, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत फोन बंद. पुढे ब्रॉडबँड आले. त्याच तांब्याच्या तारेत खालच्या पट्टीत आवाज आणि वरच्या पट्टीत इंटरनेट, दोन्ही एकदम. त्याची अडचण अंतराची. घर एक्स्चेंजपासून जितके लांब, तितका वेग कमी. चार-पाच किलोमीटरनंतर हाती फारसे लागत नाही. वाडी-वस्तीतल्या घरांना ते नीट मिळाले नाही, त्याचे एक कारण हे.

‘ब्रॉडबँड’ शब्दाची सरकारी व्याख्याही बदलत गेली. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हणत, पुढे तो ५१२ झाला आणि २०२३ पासून किमान दोन एमबीपीएस ठरला आहे.

आज गावोगावी पोहोचत आहे ती फायबर, म्हणजे काचेची तार. काचेतून प्रकाशाने दूरचा संदेश नेता येईल, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फायबरमध्ये प्रकाश कित्येक किलोमीटर फारसा क्षीण न होता जातो, विजेचा किंवा ओलाव्याचा त्रास कमी होतो. पण एक गोष्ट कंपनीचा माणूस बहुधा सांगत नाही. एक्स्चेंजकडून निघालेली एक फायबर वाटेत विभागून बत्तीस किंवा चौसष्ट घरांना दिली जाते आणि तिचा एकूण वेग या सगळ्यांत वाटला जातो. म्हणून रात्री नऊ वाजता, सगळी गल्ली मोबाइल उघडून बसते तेव्हा, दुपारचा वेग मिळेलच असे नाही.

योजना निवडताना पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, ‘एमबी’ आणि ‘एमबीपीएस’ एक नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात.

दुसरी, गरज किती? नुसत्या बोलण्याला शंभर केबीपीएसच्या आसपास पुरतात, चेहरा पाहून बोलायला एक-दोन एमबीपीएस. चार-पाच माणसांच्या घराला मोठ्या आकड्याची योजना लागतेच असे नाही.

तिसरी, वर जाणारा वेग विचारा. आपला चेहरा आणि आवाज पलीकडे नेतो तो हा वेग. मुलीने सोडवलेला पेपर कॉलेजला जातो तोही यावरच.

चौथी, मर्यादा विचारा. ‘अनलिमिटेड’ म्हटले तरी ठरावीक जीबीनंतर वेग कमी करण्याची अट बारीक अक्षरांत असते. आणि सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, तेही विचारा.

पाचवी, राउटर घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. जांभ्याच्या जाड भिंती, लोखंडी कपाट, फ्रिज हे सारे वायफाय अडवतात. ‘२.४’ नावाची लहर भिंतीतून जास्त दूर जाते, ‘५’ची वेगवान पण जवळपासच चालते. कंपनीला शिव्या देण्याआधी राउटर जागचा हलवून पाहावा.

आता त्या विजेच्या गोष्टीकडे येऊ. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरचा डबा आणि राउटर चालतात ते आपल्या घरच्या विजेवर. लाइट गेली की इंटरनेट गेले, आणि त्यावरचा ‘फुकट’ फोनही गेला. घरात नानी किंवा दादी एकट्या राहत असतील, पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जात असेल, मोबाइलची रेंज अंगणात जाऊन शोधावी लागत असेल, तर जुनी लाइन काढणे ही केवळ हिशेबाची बाब राहत नाही. रात्री छातीत दुखू लागले तर त्या कुणाला, कशाने सांगणार, याचे उत्तर आधी शोधा. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर काही तास निभावतात. बटणांचा एक साधा मोबाइल भरून त्यांच्या उशाशी ठेवा, त्यात ज्या कंपनीची रेंज त्या घरात खरोखर येते तिचेच सिम टाका, आणि मदतीचा ११२ हा नंबर त्यांच्याकडून एकदा लावण्याची नुसती तालीम करून घ्या, प्रत्यक्ष लावू नका.

शेवटचा मुद्दा तारेचा नाही, घराचा आहे. मोबाइलचे इंटरनेट ज्याच्या हाती मोबाइल त्याचे असते. तो बहुधा अब्बांच्या नाहीतर मोठ्या भाईजानच्या खिशात असतो, आणि ते कामावर गेले की इंटरनेटही घराबाहेर जाते. बारावीची मुलगी संध्याकाळपर्यंत वाट पाहते, आणि संध्याकाळी तो मोबाइल आणखी तिघांना हवा असतो. भिंतीवरची जोडणी मात्र घराची असते. दिवसभर घरात राहणाऱ्यांच्या, म्हणजे अम्मीच्या, सुनेच्या, शिकणाऱ्या मुलींच्या ती कामी येते. महिन्याच्या खर्चात ही रक्कम बसवायची की नाही, याचा विचार करताना ती घरात कुणाच्या वाट्याला येणार आहे, हेही मोजले पाहिजे. जिथे परवडते तिथे पासवर्ड एकट्याच्या खिशात ठेवू नये, आणि मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचे असेल तर ते मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखेच ठेवावे.

तेव्हा इंटरनेटवाला दारात आला, तर त्याला बसवा, चहा द्या आणि विचारा: वर जाणारा वेग किती, मर्यादा किती, करासह दर किती, तार तुटली तर किती दिवसांत जोडणार, आणि लाइट गेल्यावर काय? तो शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर देतो, ते ऐकूनच सही करा.

पुढच्या महिन्यात याच सदरात राउटरचा पासवर्ड आणि फसव्या कॉलपासून घर कसे सांभाळावे, याविषयी लिहू.