परतीची तारीख कोण लिहितो?

हिवाळा सुरू झाला की पाहुण्या पक्ष्यांच्या बातम्या येऊ लागतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पट्टकदंब उतरले, नांदूर मध्यमेश्वरला क्रौंच आले, कुठे एखादा काळा करकोचा दिसला. चार दिवस छायाचित्रं फिरतात आणि विषय संपतो. तो पक्षी पुढे किती दिवस राहिला आणि कधी गेला, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या मते दुर्मीळ पाहुण्याच्या आगमनापेक्षा त्याचा मुक्काम अधिक बोलका असतो. दोन दिवस टेकून गेलेल्या पक्ष्यावरून इतकंच कळतं, की ही जागा त्याच्या वाटेत होती. दोन महिने राहिलेल्या पक्ष्यावरून मात्र कळतं, की इथे पुरेसं खाणं आहे आणि रात्री निर्धास्त थांबता येतं. उजनीसारख्या जलाशयात तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथला उथळ काठ दर महिन्याला जागा बदलतो. कालव्याची आवर्तनं सुटत जातात तसं पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडतो आणि तो वाळला की चारा शोधणाऱ्यांना हलावंच लागतं. मुक्कामाच्या नोंदी पाणीपातळीच्या आकड्यांशेजारी ठेवल्या तर हे नातं तपासता येईल. १९८७पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना मोलाची आहेच, पण तिच्यातून संख्या कळते, मुक्काम नाही.

मुक्काम मोजायचा तर ‘दिसला’ इतकीच ‘दिसला नाही’ ही नोंदही हवी. समजा, एका तळ्यावर ७ डिसेंबरला काळा करकोचा नव्हता, १४ला दिसला, ८ फेब्रुवारीला शेवटचा दिसला आणि १ मार्चला नव्हता. म्हणजे तो किमान ५७ दिवस राहिला आणि फार तर ८३. या २६ दिवसांच्या अनिश्चिततेतले २० दिवस एकट्या फेब्रुवारीतले आहेत, कारण दरम्यान तिकडे कुणी फिरकलंच नाही. आणि १ मार्चची ती रिकामी फेरीही कुणी नोंदवली नसती, तर वरची मर्यादाच उरली नसती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले आहेत का’ असं विचारतात ते याचसाठी. तिथे ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेल्या नावालाही अर्थ येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की डिसेंबरमधला पक्षी आणि फेब्रुवारीतला पक्षी एकच, हे कशावरून? पायात कडी किंवा गळ्यात पट्टा नसेल तर खात्री देता येत नाही, हे खरंच. थव्याने येणाऱ्या पट्टकदंबांबाबत तर थव्याचा मुक्काम म्हणावं, एकेका पक्ष्याचा नव्हे. पण दुर्मीळ पक्षी बहुधा एकटादुकटा असतो आणि त्याचं वय, पिसांची झीज, एखादं तुटलेलं पीस छायाचित्रात टिपता येतं. पूर्ण वाढलेल्या काळ्या करकोच्याची चोच आणि पाय लालभडक असतात, पिल्लाचे मळकट हिरवट. तेवढ्यावरूनही बरीच गल्लत टळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रोजची नोंद जाहीर झाली की कॅमेरेवाल्यांच्या होड्या त्याच पक्ष्यामागे लागतात आणि मोजण्याच्या नादात मुक्कामच आखडतो. हे होऊ द्यायचं नसेल तर तारीख त्याच दिवशी लिहावी, नेमकी जागा पक्षी गेल्यावर उघड करावी. नोंद उशिरा कळली तरी तिचं मोल कमी होत नाही.

राहिला प्रश्न रोज पाहणार कोण हा. पुण्या-मुंबईचे हौशी निरीक्षक रविवारी येतात, म्हणून कागदावर पक्षीही रविवारीच येतात-जातात. उजनीकाठच्या कुंभारगाव, डिकसळचे नावाडी आणि मच्छीमार मात्र रोज पाण्यावर असतात. पक्षी कधी गेला हे त्यांना विचारलं पाहिजे आणि नोंदीत त्यांचं नावही आलं पाहिजे. यंदा भिगवणला जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक फेरी ठेवा आणि पक्षी नसेल तर तसं तारखेसह लिहा.