नवी रॅम, जुना संगणक आणि आपला ताळा



गुणाकार केला की ताळा पाहावा, ही शिस्त वडीलधाऱ्यांनी आपणांस लहानपणीच लाविली. पेढीचे हिशेब संगणकाकडे गेले, तेव्हा ताळ्याची जबाबदारीही त्याच्याकडे गेली, अशी आपली समजूत झाली. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खटकचिंचोळीस आमच्या पेढीवर एक जुना संगणक आहे. तुरीच्या हंगामात तो फारच मंद चालू लागला, म्हणून त्यातील चार जीबी रॅमच्या जोडीला तेवढीच दुसरी पट्टी बसविली. आठ दिवसांतच यंत्र मध्येच बंद पडू लागले आणि दोन खात्यांची बाकी जुळेना. प्रथम संशय आला तो मुनीमजींवर, नंतर पट्टीच्या विक्रेत्यावर.

अखेर एका जाणत्या तरुणाच्या सल्ल्याने मेमटेस्ट ही मोफत उपलब्ध असलेली चाचणी रात्रभर चालविली. ती रॅमच्या प्रत्येक घरात ठराविक अंक लिहिते आणि तेच परत वाचून पाहते. दोन्ही पट्ट्या असता चुका निघाल्या. एकेक पट्टी स्वतंत्र लावून पाहता एकही निघाली नाही. दोन्ही पट्ट्या चांगल्या होत्या, परंतु त्यांचा एकत्र मेळ बसत नव्हता. बायोसमध्ये रॅमचा वेग एक पायरी उतरविताच चाचणी निर्दोष पार पडली. मुनीमजी निर्दोष, विक्रेताही निर्दोष. दोष होता तो आमच्या उतावळेपणाचा.

रॅमची चूक बहुधा आवाज करीत नाही. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवारास ४०९६ मते अधिक नोंदली गेली. शक्य त्याहून मते जास्त दिसली, म्हणूनच चूक उघडकीस आली. दोनास दोनाने गुणीत बारा दोन घेतले की ४०९६ येतात. म्हणजे स्मृतीतील एकच अंक उलटला असावा, असा तर्क तज्ज्ञांनी केला. आपल्या खतावणीत असा आकडा शिरला, तर तो कोणाच्या नावे पडेल?

मोठ्या सर्व्हरांत प्रत्येक ६४ बिटांमागे आणखी ८ बिट ताळ्यासाठी राखून ठेवितात. दुकानातील सामान्य संगणकात ही सोय सहसा नसते. तेथे ताळा आपणच पाहिला पाहिजे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यापासून जुनी यंत्रे सुधारून घेण्याकडे अनेकांचा कल आहे. काटकसर हा आपला गुणच आहे. परंतु रॅम वाढविण्यापूर्वी हिशेबाची नक्कल वेगळी काढून ठेवावी. बिघडलेल्या रॅमवरून काढलेली नक्कलही बिघडलेली असू शकते. पट्टी जुन्या पट्टीच्याच जातीची घ्यावी. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही. आणि एक रात्र चाचणी झाल्यावाचून नव्या रॅमवर एकही रक्कम लिहू नये.

ताळा न पाहता रक्कम खरी मानू नये, तसेच ताळा न पाहता माणसास खोटेही ठरवू नये. दोन्हींत पेढीची पत जाते.