ओढ वाढते, ब्रेक वाढत नाहीत

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार अशा तालुक्यांतून ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ज्या ट्रॉलीत माणसे, भांडीकुंडी आणि लेकरे बसून जातात, त्याच ट्रॉलीतून पुढचे काही महिने ऊस वाहिला जातो. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर गॅरेजांत गर्दी असते. ऑइल बदलायचे, क्लचप्लेट पाहायची, टायर बदलायचे. त्यातच कोणीतरी विचारतो, ‘मिस्त्री, चढाला गाडी ओढत नाही. क्राऊन-पिनियन बदलून घेऊ का?’ ट्रॅक्टरवाला हे विचारतो, तसा पिकअपमागे छोटी ट्रॉली किंवा पाण्याची टाकी जोडणाराही विचारतो.

प्रश्न रास्त आहे. पण तो अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा आपण घाटाच्या उतारावर विचारतो, असे माझे मत आहे.

आधी हे काम नेमके काय आहे ते पाहू. गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती मागच्या हौसिंगमध्ये येते. तिथे पिनियन हे लहान दातेरी चाक क्राऊन या मोठ्या चाकाला फिरवते. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील, तर रेशो ३.७३. म्हणजे पिनियनचे पावणेचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा. हीच जोडी ४१ आणि १० दात्यांची बसवली, तर रेशो होतो ४.१०. त्याच गिअरमध्ये, इंजिनाच्या त्याच जोरावर चाकाशी मिळणारी ओढ सुमारे १० टक्क्यांनी वाढते. ट्रॅक्टरमध्ये क्राऊन-पिनियननंतर चाकाजवळ आणखी एकदा वेग कमी करून जोर वाढवला जातो, पण हिशेब तोच.

ही वाढ फुकट मिळत नाही. पहारीने दगड उचलताना दगड वीतभर हलावा म्हणून आपला हात हातभर खाली आणावा लागतो, तसेच हे आहे. ओढ १० टक्के वाढली, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही १० टक्के वाढतात. पूर्वी ज्या वेगाला २००० फेरे लागत, तिथे आता २२०० लागतात. जी गाडी ताशी ८० किलोमीटरने जात होती, ती त्याच फेऱ्यांवर ७३ ने जाते. सपाट रस्त्यावर डिझेल जास्त लागते आणि आवाज वाढतो. इंजिनाची अश्वशक्ती मात्र होती तेवढीच राहते. क्राऊन-पिनियन शक्ती निर्माण करत नाही, आहे ती वेगळ्या पद्धतीने वाटून देते.

म्हणून मिस्त्रीला विचारण्याआधी टायरकडे पाहावे. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे क्राऊन-पिनियनला हात न लावताच रेशो बदलतो आणि ओढ कमी होते. टायरचा घेर १० टक्के वाढवला असेल, तर हरवलेली ओढ परत मिळवायला मूळ मापाचे टायर हा स्वस्त उपाय आहे. फिल्टर तुंबला आहे का, क्लच घसरतो आहे का, हेही त्याआधी तपासायला हवे.

कामात कौशल्यही लागते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेले असतात, म्हणून जोडी फोडून एकच चाक बदलत नाहीत. शिम टाकून दात्यांमधला प्ले ठरवावा लागतो आणि दात्यांना रंग लावून ते एकमेकांवर नेमके कुठे टेकतात ते पाहावे लागते. अंदाजाने बसवलेली जोडी आधी हुंकार देऊ लागते आणि पुढे कधीतरी भर चढावर दाते सोडते. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तेवढ्याच हौसिंगमध्ये जास्त ओढीचा रेशो बसवायचा तर पिनियन लहान करावे लागते, आणि लहान पिनियन सहसा कमी मजबूत असते. चारही चाकांना ओढ असलेल्या पिकअपमध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही रेशो सारखेच बदलावे लागतात. नाहीतर चारही चाके जोडली की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांविरुद्ध झगडू लागतात.

हे सगळे सांभाळून काम चोख झाले असे समजू. आता घाटाकडे जाऊ.

बीड जिल्ह्याची घडणच अशी आहे की गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटच्या माथ्यावर जाताना घाट चुकत नाही. मांजरसुंब्याचा घाट आहे, तेलगावच्या रस्त्यावरचा धारूरचा अरुंद, वळणांचा घाट आहे. तिथे माल भरलेली वाहने उलटल्याच्या बातम्या बीडकरांना नवीन नाहीत. शंभर मीटरमागे आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक टन ओझे गाडीला ८० किलोच्या जोराने मागे खेचते. दोन ट्रॉल्या, ऊस आणि ट्रॅक्टर मिळून वजन २५ टन धरले, तर हा जोर होतो दोन टन. क्राऊन-पिनियन बदलल्यावर चढाला हा जोर थोडा सहज पेलतो. पण उतरताना तेच दोन टन मागून ढकलत असतात, आणि तिथे ब्रेक जुनेच असतात.

किती काम पडते त्या ब्रेकवर? २५ टनांचे धूड १०० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण पाऊण लिटरला थोडे कमी डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी असते. जवळपास ८० लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी. काही मिनिटांत ही उष्णता ब्रेकमध्ये जिरवायची ठरवली, तर लायनिंग तापून पकड सोडते. चालक पाय दाबत राहतो आणि गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाले’ असे आपण नंतर म्हणतो. अनेकदा ब्रेक बिघडलेले नसतात, त्यांच्याकडून न होणारे काम मागितलेले असते.

ट्रॅक्टरची अडचण आणखी मोठी आहे. तो मुळात शेतातल्या संथ कामासाठी बनलेला आहे. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि शेतात जागेवर वळता यावे म्हणून डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगळे असते. रस्त्यावर ही दोन्ही पेडले खिटीने जोडून घ्यायची असतात. ती जोडायची राहिली आणि घाईत एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलून आडवा करतात. त्यातून अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. चढावर वेगळाच धोका असतो. मागे ओझे अडकून बसले आणि चाकाशी जोर वाढला, की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात. ओढ वाढवणारा रेशो या धोक्यात भरच घालतो.

दुसऱ्या बाजूचेही खरे सांगायला हवे. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल, तर जास्त ओढीचा रेशो मदतही करतो, कारण इंजिन जास्त फिरते आणि गाडीला जास्त अडवून धरते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राला धरून आहे. पण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला कोणताही रेशो वाचवू शकत नाही. इंजिन आणि चाकाचा संबंधच त्याने तोडलेला असतो. आणि जे लोक उलट मागणी करतात, म्हणजे रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना ट्रॅक्टर पळावा म्हणून कमी ओढीचा, जास्त वेगाचा रेशो बसवून घेतात, ते तर चढाची ओढ आणि उताराचा आधार दोन्ही घालवतात. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते.

कायद्याच्या बाजूनेही सावध राहायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी न जुळणारा बदल मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मुख्य म्हणजे क्राऊन-पिनियन बदलल्याने पुस्तकात लिहिलेली वजनाची मर्यादा किलोभरही वाढत नाही. गाडी ओढते म्हणून ओझे कायदेशीर ठरत नाही.

मग चालक हे का करतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता, मजुरांना दिलेली उचल, डिझेल, हे सगळे त्यातूनच फेडायचे असते. खेपेला दोन टन जास्त बसले तर त्याचे पैसे दिसतात. तापलेले ब्रेक दिसत नाहीत. टनावर पैसे देणारी व्यवस्था ठेवून चालकाला जपून चालवण्याचे उपदेश करणे म्हणजे दुखणे पोटात आणि मलम डोक्याला.

म्हणून उपायही तिथेच हवा, जिथे पैसे ठरतात. उसाचे प्रत्येक वाहन कारखान्याच्या वजनकाट्यावर उभे राहते. कोणत्या ट्रॅक्टरने किती टन आणले, याची नोंद तिथे होतेच. खेपेची कमाल मर्यादा काट्यावर लागू करावी आणि त्यावरच्या टनाचे वाहतूक भाडे देऊ नये. सोबत टनामागचा दर असा असावा की मर्यादेत वाहूनही हप्ता फिटेल. तोडणी-वाहतुकीचा करार करताना ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असण्याची अट घालावी, आणि त्यासाठीचा खर्च हंगामाच्या उचलीसारखाच आगाऊ द्यावा. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याचा आग्रह आता रुळू लागला आहे. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसावी हे बरोबरच आहे, पण ती थांबावीही.

तोवर चालकांनी आपल्या हातातले करावे. क्राऊन-पिनियन बदलण्यासाठी काढून ठेवलेले पैसे आधी ब्रेक लायनिंग, टायर आणि हुकाच्या पिनवर खर्चावेत. पेडलची खिटी लावल्याशिवाय रस्त्याला लागू नये. घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, कारण वेग वाढल्यावर तो पडत नाही. एवढे करूनही ओढ कमी पडत असेल, तर ओझे जास्त आहे, असे गाडीच सांगते आहे.

आणि मिस्त्रीला विचारायचा प्रश्न थोडा बदलावा. गाडी किती ओढेल, याच्या आधी ती किती ओझे थांबवू शकेल, हे विचारावे. हंगाम संपल्यावर त्याच ट्रॉलीत बसून लेकरांना धारूरचा घाट पार करून घरी यायचे असते.