गोचीड मरत नाहीत, दोष कोणाचा?



औषध फवारले, चार दिवसांनी गाय पुन्हा गोचिडांनी भरली, की उत्तर ठरलेले : तुम्ही प्रमाण चुकवले. कधी कधी ते खरेही असते. पण प्रमाण बरोबर असूनही गोचीड मरत नसतील, तर दोष शेतकऱ्याच्या हाताचा नाही. गोचिडातच औषध पचवण्याची ताकद आली आहे.

हे नवे नाही. ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकातच गोचीड सोमलाच्या हौदातून जिवंत निघू लागले. पुढे डीडीटीचीही तीच गत झाली. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला दाद न देणारे गोचीड आपल्या देशात अनेक राज्यांत सापडले आहेत.

रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली गळते, गोठ्याच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते. समजा शंभरातले पंच्याण्णव मेले, तरी वाचलेल्या पाचांचीच पिलावळ पुढे गोठा भरते. मग आपण दुकानात "दुसरे द्या" म्हणतो. बाटली दुसरी मिळते, नाव दुसरे, किंमतही दुसरी. पण डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही सगळी एकाच घरची भावंडे. एकाला न जुमानणारा गोचीड बहुधा दुसऱ्यालाही जुमानत नाही. अमिट्राझ वेगळ्या कुळातले, पण तेही वर्षानुवर्षे एकटेच वापरले तर बोथट होणारच. (कपाशीचे सायपरमेथ्रिन गाईवर मारणाऱ्यांना काय म्हणावे!)

ज्या संकरित गाईच्या दुधावर घरचा बाजार चालतो, तिलाच गोचीड जास्त लागतात. थायलेरियाचा ताप तिलाच लोळवतो. औषधाचे पैसे गेले, डॉक्टरांची फी गेली, दूध आटले. तोटा सगळा आपल्या खात्यावर, आणि वर अडाणीपणाचा शिक्का!

तपासणी अवघड नाही. टम्म फुगलेल्या माद्या औषधाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवायच्या, टिपून बशीत ठेवायच्या आणि पुढचे दोन आठवडे अंडी घालतात का ते पाहायचे. याला परदेशी यंत्र लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात ही तपासणी व्हावी आणि कोणत्या तालुक्यात कोणते औषध चालते याचा तक्ता पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लागावा, ही आपली मागणी आहे.

बैठकीला येताना वापरलेल्या औषधाच्या घटकाचे नाव कागदावर उतरवून आणा, बाटलीवरचे मोठे नाव नको. किती वर्षे वापरले, गुण कधी थांबला, तेही लिहा. गाववार यादी त्याच दिवशी करू.