विहिरीचाही सातबारा हवा

समजा, एका विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालावर नायट्रेटपुढे नुसते ‘२०’ लिहिले आहे. हे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळावे का? उत्तर त्या आकड्यात नाही. प्रयोगशाळेने लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असे लिहिले असेल, तर ते ४५ मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण काही ठिकाणी नायट्रेट न लिहिता त्यातला फक्त नायट्रोजन लिहिण्याची पद्धत आहे. तसे असेल तर याच २० चा अर्थ होतो सुमारे ८९ मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. कागदावर आकडा तोच, पण एका घरी बाळ सुरक्षित आणि दुसऱ्या घरी नाही.

प्रदूषणावर बोलताना आपण कारखान्यांवर, खतांवर, सरकारच्या उदासीनतेवर बोलतो. नोंदवहीवर कोणी बोलत नाही, कारण तो विषय कंटाळवाणा वाटतो. माझे म्हणणे असे की आज माती आणि पाण्याच्या बाबतीत आपले सर्वांत मोठे अपयश या वहीतच आहे. मानके आहेत, प्रयोगशाळा आहेत, नमुनेही घेतले जातात. पण मोजलेला आकडा नीट लिहून, जपून, ज्याच्या पाण्याचा आहे त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था नाही.

प्रश्न किती जवळचा आहे ते पाहा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालासाठी देशभरातल्या १५ हजारांहून अधिक ठिकाणचे पाणी तपासले गेले. सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण एकतृतीयांशाहून जास्त आहे. सर्वाधिक बाधित म्हणून जे १५ जिल्हे सांगितले आहेत, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ असे सात एकट्या महाराष्ट्रातले. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली, विषय मागे पडला. जिल्ह्याचे नाव वाचून बीडच्या एखाद्या गृहिणीने नेमके काय करायचे? तिची विहीर त्या टक्केवारीत आहे की बाहेर, हे तिला कोणी सांगितले नाही.

आणि आपल्याकडे सरासरीला तर फारच कमी अर्थ आहे. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या थरांवर वसलेला आहे. या खडकात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते. त्यामुळे चारशे पावलांवरच्या दोन विहिरींचे पाणी अगदी वेगळे असू शकते. एकीच्या वरच्या अंगाला उकिरडा आणि संडासाचा शोषखड्डा, दुसरीच्या वर पडीक माळ. त्यात उथळ विहीर आणि खोल बोअर यांचाही फरक पडतो: नायट्रेट वरून झिरपत येते, तर पूर्व विदर्भात आणि किनवट-पांढरकवडा पट्ट्यात त्रास देणारे फ्लोराइड खडकातूनच पाण्यात उतरते. म्हणून कोणत्या विहिरीचे, किती खोलीवरचे, कोणत्या महिन्यातले पाणी, हे न लिहिता नोंदवलेला आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून साधारण दोन दिवसांत तपासावा लागतो, नाहीतर बाटलीतले जिवाणूच त्याचे प्रमाण बदलतात. नमुना कधी घेतला आणि कधी तपासला, या दोन्ही तारखा म्हणूनच लागतात.

आता वह्या किती आहेत ते मोजू. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी तपासते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या विहिरी तपासते. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्या आणि औद्योगिक परिसर पाहते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना किट देऊन तपासणी शिकवली गेली आहे, तिचे संकेतस्थळ वेगळे. आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाणी स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो.

या हिरव्या कार्डाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ते कार्ड चांगल्या हेतूचे आहे आणि साथीचे आजार रोखण्यात त्याचा उपयोगही आहे. विहिरीभोवती घाण आहे का, जलवाहिनी गळते का, टीसीएल पावडर आहे का, हे ते पाहते. नायट्रेट किंवा फ्लोराइडबद्दल ते काहीच सांगत नाही. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड पाहिलेला माणूस काय समजतो? पाणी चांगले आहे. टीसीएल टाकल्याने जंतू मरतात, नायट्रेट जागचे हलत नाही. पाणी उकळल्याने तर ते वाढते, कारण पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतो. म्हणजे काळजीपोटी पाणी पुन्हा पुन्हा उकळून वरच्या दुधात घालणारी आई नकळत बाळाला जास्त नायट्रेट पाजते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात या नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते आणि बाळ निळसर पडते. ४५ ची मर्यादा ठरली ती मुख्यतः या धोक्यासाठी.

‘तपासले आणि सापडले नाही’ आणि ‘तपासलेच नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वहीत मात्र दोन्हींच्या जागी कधी रिकामा रकाना असतो, कधी शून्य. या गोंधळाची किंमत बांगलादेशाने मोजली. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये तिथल्या काही भागांतल्या भूजलाचा अहवाल दिला. त्यात अनेक घटक तपासले होते, पण आर्सेनिक तपासलेले नव्हते. लोक कूपनलिकांचे पाणी पीत राहिले. प्रकरण पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले आणि २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. त्यानंतरचे काम मात्र शिकण्यासारखे आहे. त्याच संस्थेने बांगलादेश सरकारबरोबर साडेतीन हजारांहून अधिक कूपनलिकांचे सर्वेक्षण केले आणि २००१ मध्ये प्रत्येकीचे स्थान, खोली आणि आकडे जगासाठी खुले केले. पुढे जवळपास ५० लाख कूपनलिका तपासून त्यांना लाल किंवा हिरवा रंग दिला. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. अक्षर न येणाऱ्यालाही तो अहवाल वाचता येत होता. मोहीम संपली, रंग उडाले, नव्या कूपनलिका न तपासताच खोदल्या गेल्या, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध. एकदाच केलेली मोहीम वहीचे काम करत नाही.

आपल्याकडची आणखी एक सवय घातक आहे. अहवालावर आकड्याऐवजी ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शिक्का मारून काम संपवणे. मानके बदलतात. १९९१ च्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ होती, पण दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत सूट होती. २०१२ च्या मानकात ती सूट नाही. म्हणजे ८० मिलिग्रॅमची विहीर तेव्हा ‘योग्य’ ठरू शकत होती, आज नाही. आकडा जपला असेल तर जुनी वही नव्या मानकाने पुन्हा वाचता येते. नुसता शिक्का जपला असेल तर ती रद्दी.

जपलेल्या आकड्यांतून काय मिळते हे पाहायचे तर डेन्मार्ककडे बघावे. तिथे नळपाण्यातल्या नायट्रेटच्या नोंदी अनेक दशके ठेवल्या आहेत आणि कोण कुठल्या पत्त्यावर राहिले याच्याही. संशोधकांनी दोन्ही जोडून सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. २०१८ मध्ये त्यांनी मांडले की लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे मानकाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी नायट्रेट असलेल्या पाण्यातही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे जास्त दिसते. हा संबंध आहे, सिद्ध कारण नव्हे, आणि त्यावर वाद चालू आहे. पण प्रश्न विचारता आला तो वहीमुळे. वर्ध्यात किंवा बुलढाण्यात, जिथे आकडे याच्या कितीतरी पट आहेत, तो प्रश्न विचारायचा तर आधी वीस वर्षांच्या नोंदी एका जागी लागतील.

मातीची कहाणी याहून अपुरी आहे. २०१५ पासून शेतकऱ्याला मृद आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यावर १२ बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू, सेंद्रिय कर्ब वगैरे. शिसे, कॅडमियम, क्रोमियम त्यात नाही. पीक कमी का आले हे ती सांगते, पिकात काय उतरले हे नाही. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणले. देशातल्या अशा शंभरेक जागांची यादी झाली होती आणि सफाईचे काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झाले होते. नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या आहेत. ज्या जिल्ह्यात विहिरीचे आकडेच एका जागी नाहीत, तिथे संशय येणार कशावरून?

आणि याच पत्रिकेत एक साधा उपाय दडला आहे. तिच्यावर शेतकऱ्याचा गट क्रमांक असतो. त्याच गटातल्या विहिरीचा पाणी अहवाल दुसऱ्या खात्यात असतो, त्यावर बहुधा फक्त गावाचे नाव. खरे तर हे दोन्ही कागद एकाच नत्राबद्दल बोलतात. ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. समजा त्याचा फक्त दहावा हिस्सा पिकाला न लागता खाली झिरपला, तरी त्यापासून होणारे नायट्रेट दोन लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत आणायला पुरेसे आहे. जमिनीचा मालक, क्षेत्र, पीक, बोजा हे सगळे आपण सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. ‘विहीर’ ही नोंदही त्यावर असते. तिच्या पाण्याचा आकडा मात्र त्याला कुठेच जोडलेला नाही. गट क्रमांक हा दुवा धरून मातीची पत्रिका, पाण्याचे अहवाल आणि गावाचे कार्ड एकत्र दिसू लागले, तर नवे खाते उघडावे लागणार नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, लोक घाबरतील. दुसरा, जमिनीचे भाव पडतील. पहिला मला पटत नाही. लोक माहितीने घाबरतात त्यापेक्षा अफवेने जास्त घाबरतात, आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभी राहणारी बाई इतकी नाजूक नसते. दुसरा आक्षेप खरा आहे. खासगी विहिरीची नोंद जाहीर झाली तर व्यवहारात तिचा वापर होईल. म्हणून सुरुवात सार्वजनिक स्रोतांपासून व्हावी: गावाची विहीर, हातपंप, शाळेची आणि अंगणवाडीची बोअर. त्यांचे आकडे लपवण्याचे एकही सबळ कारण नाही. खासगी विहिरीचा अहवाल मालकाला, आणि ते पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला मिळावा. किटवर केलेल्या तपासणीत चुका होतात हेही खरे, म्हणून नोंदीत किट की प्रयोगशाळा हे लिहावे आणि मर्यादेजवळचा नमुना पुन्हा तपासावा.

तोवर ग्रामसभेत विचारण्यासारखे बरेच आहे. आपल्या नळाला येणारे पाणी कोणत्या विहिरीचे, तिची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली, आकडा काय आला आणि तो नायट्रेटचा की नायट्रोजनचा? जलजीवन मिशनमध्ये वर्षातून एकदा रासायनिक तपासणी अपेक्षित आहे, त्यामुळे ‘माहीत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये. अहवाल मराठीत, पाणी जिथून भरले जाते तिथे लावायला सांगावे. आणि घरात वरचे दूध घेणारे तान्हे बाळ असेल, आकडा मर्यादेबाहेर असेल किंवा कळतच नसेल, तर ते पाणी उकळून वापरण्यावर विसंबू नये. तुरटी आणि साधा यूव्ही फिल्टरही नायट्रेट काढत नाही, आरओ काढते. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो. अंगणवाडी सेविकेने हे वाक्य गरोदर बायकांना सांगायला कोणत्याही नोंदवहीची वाट पाहण्याची गरज नाही.